कपबशी, शिट्टी आणि आडवी बाटली

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की गावातली माणसं एकमेकांची फार चौकशी करायला लागतात. ज्याच्याशी वर्षभर बांधावरून वाद चालू असतो, त्याच्या म्हशीची तब्येतसुद्धा विचारली जाते. लग्नपत्रिकेवर नाव राहिलं म्हणून रुसलेल्या चुलत्याच्या दारात सकाळी सातला चार जण हात जोडून उभे दिसतात. ही धमाल मला मनापासून आवडते. पण तिच्यामुळे गावच्या राजकारणाबद्दल काही समजुती इतक्या पक्क्या झाल्या आहेत की खरं काम कोण करतं, हे दिसतच नाही. म्हणून त्या एकेक करून तपासू.

गैरसमज: गावात पक्ष लढतात

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. मतदान यंत्रावर कमळ, पंजा, घड्याळ, मशाल यांतलं काहीच नसतं. राज्य निवडणूक आयोगाच्या मुक्त चिन्हांच्या यादीतून कपबशी, शिट्टी, छत्री, नारळ, कपाट, गॅस सिलिंडर अशी चिन्हं मिळतात. लढतात ती पॅनेलं, आणि ती जुळतात भावकीवर, वाडीवर, दूध संस्थेच्या हिशेबावर, नाहीतर आठ वर्षांपूर्वी पाण्याच्या पाळीवरून झालेल्या भांडणावर. तालुक्याला एकमेकांविरुद्ध घोषणा देणारे दोघे गावात एकाच पॅनेलमधून उभे असतात आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही.

निकालाच्या संध्याकाळी मात्र प्रत्येक पक्ष आपापला आकडा जाहीर करतो. त्या आकड्यांची बेरीज केली तर मतदान झालेल्या गावांपेक्षा जिंकलेली गावं जास्त भरतात. नवा सरपंच दुपारी एका नेत्याकडून हार घालून घेतो आणि संध्याकाळी दुसऱ्याकडून. लोक त्याला दलबदलू म्हणतात. मला ते पटत नाही. त्याला रस्त्यासाठी आमदार निधी हवा असतो आणि शाळेच्या खोलीसाठी जिल्हा परिषदेचा पैसा. गावाच्या कामासाठी त्याला दोन्ही दारं उघडी ठेवावी लागतात.

गैरसमज: प्रचार म्हणजे भोंगा, बॅनर आणि जेवणावळी

प्रचाराचं खरं ठिकाण म्हणजे कुणाच्या तरी घराची पडवी. तिथे मतदार यादीची झेरॉक्स पसरलेली असते, शेजारी पट्टी, तीन रंगांची पेनं आणि गार झालेला चहा. यादी वाचणारा पोरगा कॉलेजातला असतो, पण यादी कळते ती घरातल्या वहिनींना.

“सत्तावीस नंबर?”

“ती लग्न होऊन बारामतीला गेली. नाव काढलं नाही अजून.”

“अठ्ठावीस?”

“ते वारले. पण त्यांच्या सुनेचं नाव एकतीसला आहे आणि ती आपल्या वनिताची मैत्रीण आहे. तिच्याकडे मी जाते, तुम्ही कुणी जाऊ नका. तुम्ही गेलात की सासरा मध्ये बोलतो.”

अशी शेकडो नावं. कोण पुण्याला कंपनीत आहे, कोण मुंबईला हमालीवर आहे, कुणाच्या घरात नवऱ्याचं मत इकडे आणि बायकोचं तिकडे आहे. ही यादी तयार करणाऱ्याला ना उमेदवारी मिळते ना पगार. तरी रात्री अकरापर्यंत बसून ती तयार होते.

मग येतं चिन्ह शिकवण्याचं काम. गावाचे प्रभाग पाडलेले असतात आणि एका प्रभागातून दोन किंवा तीन सदस्य निवडायचे असतात. थेट सरपंच असेल तर त्याचं मत वेगळं. म्हणजे एका मतदाराला तीन-चार चिन्हं लक्षात ठेवायची. पुठ्ठ्याचं नमुना मतदान यंत्र घेऊन पोरं घरोघर फिरतात. एका आजीला पोरगा समजावत होता, “आजी, सरपंचाला कपबशी. मग छत्री, मग शिट्टी, मग नारळ.” आजी म्हणाली, “म्हंजे च्या प्यायचा, छत्री घिऊन भाईर पडायचं, शिट्टी मारून शेजारणीला हाक द्यायची आन् देवळात जाऊन नारळ फोडायचा. ह्यात काय अवघड?” संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीला ती गोष्ट पाठ झाली होती. लाखभर रुपयांच्या डिजिटल फ्लेक्सने जे झालं नसतं, ते आजीच्या एका वाक्याने झालं.

मतदान केंद्रातही या चिन्हांची मजा चालते. सगळी मतं देऊन झाली की यंत्र लांब आवाज करतं. दुसऱ्या एका गावात एक म्हातारबाबा बाहेर येऊन तक्रार करायला लागले, “मी कपबशी दाबली, पर वाजली शिट्टीच!” विरोधी पॅनेलचं चिन्ह शिट्टी होतं. त्यांची समजूत दोन्ही पॅनेलच्या कार्यकर्त्यांनी मिळून काढली. सबंध निवडणुकीत दोन्ही पॅनेलं एकमेकांशी बोलली ती तेवढीच.

गैरसमज: पैसा ओतला की निवडणूक खिशात

पैसा चालत नाही, असं मी म्हणणार नाही. चालतो, आणि त्याचा मला संताप येतो. पण नियम काय आहे तेही माहीत हवं. सदस्याला आणि थेट सरपंचपदाच्या उमेदवाराला गावाच्या आकारानुसार खर्चाची मर्यादा ठरलेली आहे. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा असतो, आणि तो हरलेल्यालाही द्यावा लागतो. हिशेब दिला नाही तर पाच वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. पुढच्या खेपेला पुन्हा उभं राहायची तयारी करणारा माणूस या एका कागदापायी घरी बसतो. चहा-वड्याचं बिल जपून ठेवणारा आणि वेळेत फाइल तहसील कचेरीत नेऊन देणारा कार्यकर्ता पॅनेलमध्ये असेल, तर त्याला जपा.

याच्याच जोडीला आणखी एक समजूत आहे: निवडणूक बिनविरोध झाली म्हणजे गावात एकोपा आहे. काही गावांत तसं असतंही. पण नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी इथे सरपंचपदाची बोली लावल्याचं उघड झालं आणि जानेवारी २०२१ मध्ये आयोगाने या दोन्ही ग्रामपंचायतींची निवडणूक प्रक्रियाच रद्द केली. बोली मंदिराच्या किंवा गावाच्या विकासासाठी होती, असं अशा वेळी सांगितलं जातं. कारण कितीही चांगलं असलं तरी ज्याच्याकडे बोलीचे पैसे नाहीत, त्याला उभं राहण्याचा हक्कच उरत नाही. मला तरी गावात भांडून झालेली निवडणूक लिलावापेक्षा कितीतरी शोभून दिसते.

गैरसमज: पॅनेल आलं की सरपंच आपलाच

सरपंच थेट लोकांतून निवडायचा की सदस्यांमधून, हा नियमच फिरत राहिला: २०१७ मध्ये थेट, २०२० मध्ये सदस्यांतून, २०२२ मध्ये पुन्हा थेट. आता तर सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्याचं, असं सर्रास होतं. जानेवारी २०२१ ला आणखी मजा झाली. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत मतदानानंतर काढली गेली. काही गावांत बहुमत आलेल्या पॅनेलकडे त्या आरक्षणात बसणारा सदस्यच नव्हता आणि पडलेल्या पॅनेलचा एकुलता एक सदस्य सरपंच झाला. गुलाल एकीकडे उधळला गेला आणि खुर्ची दुसरीकडे गेली.

गैरसमज: एका मताने काय होतंय?

मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत २२० क्रमांकाच्या प्रभागात भाजपचे अतुल शाह आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर या दोघांनाही सारखीच ५,९४६ मतं पडली. चिठ्ठी काढली आणि शाह निवडून आले. हे महानगरात घडलं. गावच्या प्रभागात तर तीन-चारशे मतं असतात, तिथे एक-दोन मतांचे निकाल दर निवडणुकीत लागतात. पडवीत रात्री अकरापर्यंत यादी वाचणाऱ्या वहिनींचं मोल इथे कळतं.

गैरसमज: बाई सरपंच झाली तरी कारभार नवऱ्याचाच

ही समजूत अर्धवट खरी आहे, म्हणून ती जास्त वाईट. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. ‘सरपंच पती’ हा शब्दही तितकाच रुळला आहे. सत्काराचा फेटा नवऱ्याच्या डोक्यावर आणि शाल बाईंच्या खांद्यावर, असे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. पण म्हणून गावातल्या बाईला कारभार जमत नाही, असं म्हणणारा इतिहास विसरतो. १९८९ मध्ये, पंचायतींत महिलांना आरक्षण देणारी ७३ वी घटनादुरुस्ती व्हायच्या आधी, शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीच्या प्रयत्नातून यवतमाळ जिल्ह्यातलं मेटीखेडा आणि जळगाव जिल्ह्यातलं विटनेर इथे सगळ्याच्या सगळ्या बायकांची पॅनेलं निवडून आली होती. महाराष्ट्रातल्या अशा महिला ग्रामपंचायतींवर बिशाखा दत्ता यांनी संपादित केलेलं पुस्तक १९९८ मध्ये निघालं. त्याचं इंग्रजी शीर्षकच विचारतं की मग चपात्या कोण करणार. गावागावांत पहिला प्रश्न तोच विचारला गेला होता. पाणी कुठून आणणार, शाळेला भिंत कधी बांधणार, हे नंतर.

बदल कसा होतो ते मी एका सरपंच ताईंकडे जवळून पाहिलं. वित्त आयोगाचा पैसा आता ऑनलाइन, सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल स्वाक्षरीने निघतो. (ग्रामसेवकाचं पद आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ म्हणून ओळखलं जातं.) ताईंच्या नोंदणीत मोबाइल नंबर होता तो नवऱ्याचा, त्यामुळे ओटीपी त्याच्या फोनवर जायचा. ताई दोन महिने गप्प होत्या. मग एक दिवस पोरीच्या कॉलेजचा म्हणून घेतलेला जुना फोन त्यांनी स्वतःकडे ठेवला आणि नोंदणीतला नंबर बदलून घेतला. पुढच्या बिलाच्या वेळी नवरा फोन हातात धरून बसला. ओटीपी काही येईना. ताई चुलीपुढून म्हणाल्या, “आलाय. पण बिलातली पाइपलाइन मी अजून बघितली नाही. उद्या बघून येते, मग टाकू.” दुसऱ्या दिवशी त्या गेल्या, पाइप मोजला आणि बिलात लिहिलेल्यापेक्षा कमी निघाला. ठेकेदाराला उरलेला पाइप टाकावा लागला. नवराही आता चारचौघांत ती गोष्ट अभिमानाने सांगतो.

गैरसमज: सरपंच म्हणजे गावचा राजा, बक्कळ कमावतो

खाणारे सरपंच आहेत, त्यांना कायदा आहे आणि तो वापरावा. पण मानधन बघा. २०२४ मध्ये ते दुप्पट केलं, तेव्हा कुठे गावाच्या लोकसंख्येनुसार महिन्याला ६ ते १० हजार रुपये झालं. एवढ्या पैशात पहाटे साडेपाचला “आमच्या आळीत पाणी आलं नाही” हा फोन, दुपारी पंचायत समितीची बैठक, संध्याकाळी बारसं, रात्री दोन भावांच्या उकिरड्याचं भांडण.

लोकांना वाटतं, लाखो रुपये आले की सरपंच वाटेल तिथे खर्च करतो. वित्त आयोगाच्या निधीतला ठरावीक भाग बंधित असतो, म्हणजे तो पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायचा. देवळाच्या सभामंडपासाठी हात वर करणाऱ्यांना हे सांगताना सरपंचाचा घसा बसतो. उरलेल्या भागाचं काय करायचं तेही ग्रामसभेत ठरवलेल्या आराखड्यात असावं लागतं. आराखडा ठरला त्या दिवशी मात्र हे सभामंडपवाले हजर नसतात.

गैरसमज: चांगलं काम केलं की लोक मतं देतातच

छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात भास्करराव पेरे पाटील यांनी पिण्याचं, वापरायचं आणि गरम पाणी घरोघर पोचवलं. कर भरणाऱ्यांना दळण फुकट करून दिलं. त्यांची भाषणं ऐकायला अख्ख्या महाराष्ट्रातून माणसं येत. २०२१ मध्ये त्याच गावात त्यांच्या कन्येचा पराभव झाला. त्याच वर्षी हिवरे बाजारला तीस वर्षांत पहिल्यांदा मतदान झालं. १९८९ पासून गावाला दुष्काळातून वर काढणाऱ्या पोपटराव पवारांच्या पॅनेलने तिथल्या सातही जागा जिंकल्या. कामाची पावती कधी मतपेटीतून मिळते, कधी नाही. गावाचं पाणी साठवायचं काम मात्र पावतीची वाट बघत थांबवता येत नाही, आणि पाटोद्याच्या पराभवाने पेरे पाटलांचं काम तसूभरही लहान होत नाही.

गैरसमज: हरला तो संपला

पडलेल्या उमेदवाराकडे आठ दिवस कुणी फिरकत नाही, हे खरं. नवव्या दिवशी कुणीतरी येतं आणि म्हणतं, “अण्णा, जत्रेची वर्गणी सुरू करायची, तुम्हाला हिशेब जमतो.” गावात बिनपगारी कामाला तोटा नाही. शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असा शिक्षण हक्क कायद्याचा दंडक आहे. पोषण आहाराच्या तांदळात खडे आहेत का, हे या समितीतल्या एखाद्या आईने डबा उघडून पाहिलं की दुसऱ्या दिवशी तांदूळ बदलतो. यात्रा कमिटी आहे, हरिनाम सप्ताहाची पंगत आहे. तिथे दोन्ही पॅनेलची पोरं एकाच बादलीतून आमटी वाढतात.

बिनपगारी कामाच्या सरकारी मोहिमाही निघाल्या. आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान निघालं आणि मंत्री, सरपंच, मास्तर सगळ्यांच्या हातात खराटे आले. तेच गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. कित्येक घटस्फोट, बांधाचे वाद आणि पोलीस केसेस गावोगावच्या तंटामुक्ती समित्यांनी गावातच मिटवल्या. तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष कोण, यावरून ग्रामसभेत हातघाईवर आलेली गावंही आहेत, आणि ते सांगताना लोक पोट धरून हसतात. मला त्यातही एक चांगली गोष्ट दिसते. पगार नाही, निधी नाही, तरी लोकांना ते पद हवंसं वाटतं, इतकी त्याची किंमत आहे.

गैरसमज: बोटाला शाई लागली, आपलं काम झालं

मला सगळ्यांत जास्त काळजी या समजुतीची वाटते. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांत जे कमी असेल ते. मतदानाला ८० टक्के रांग लावणाऱ्या गावात शंभर माणसं जमत नाहीत. मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. दहा-बारा जणांत अख्ख्या वर्षाचे ठराव होतात आणि शिपाई हजेरी वही घेऊन सह्यांसाठी दारोदार फिरतो. त्या वहीवर उंबऱ्यात उभं राहून सही करू नका. सभेला चला आणि तिथे करा. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते, हेही बहुतेक बायकांना कुणी सांगितलेलं नसतं.

जिथे सांगितलं गेलं, तिथे बायकांनी काय केलं ते बघा. महाराष्ट्रात २००८ च्या आदेशानुसार गावातलं परवान्याचं दारू दुकान मतदानाने बंद करता येतं. एकूण महिला मतदारांपैकी २५ टक्के बायकांनी सह्या करून अर्ज दिला की गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर उमेदवार नसतो, दोन बाटल्यांची चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. माझ्या मते हा महाराष्ट्रातला सगळ्यांत सुंदर प्रचार आहे. बायका हातात मोकळी बाटली घेऊन घरोघर जातात, ती जात्यावर आडवी ठेवतात आणि म्हणतात, “काकू, अशी. निजवायची.” लहान पोरं गल्लीत “आडवी, आडवी” ओरडत पळतात. दारू पिणारे नवरेही हसतात, आणि त्यांतले काही जण हळूच सांगतात की होऊन जाऊ दे बंद.

पण यातली मेख भारी आहे. दुकान बंद व्हायला झालेल्या मतदानाच्या नाही, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. यादीत ८०० बायका असतील तर ४०१ मतं हवीत. समजा ५०० जणी मतदानाला आल्या, ३९० जणींनी आडवी बाटली निवडली आणि ११० जणींनी उभी, तरी दुकान चालूच राहतं. घरी बसलेली प्रत्येक बाई आणि यादीतलं प्रत्येक जुनं नाव उभ्या बाटलीच्या बाजूला जातं. म्हणून जाणत्या बायका सह्या गोळा करायच्या आधी यादी घेऊन बसतात. लग्न होऊन गेलेल्या, वारलेल्या, दोन ठिकाणी लागलेल्या नावांना वगळण्यासाठी नमुना ७ चे अर्ज भरून घेतात आणि तहसीलला खेटे घालतात. मतदान कामाच्या दिवशी आलं तर आणखी धावपळ. एका गावात कांद्याची लागण चालू होती आणि वाफ्यात बसलेल्या मजुरणींना रोज बुडेल म्हणून उठता येत नव्हतं. प्रचाराच्या बायका सकाळी सातला शेतात पोचल्या आणि मुकादम बाईला म्हणाल्या, “तुमच्या चौघी जाऊन येऊ द्या, तोवर आमच्या चौघी लागणीला बसतात.” मग चौघी उठल्या, चौघी बसल्या, आणि दुपारी दोनपर्यंत तो वाफा असाच लागत राहिला.